प्रत्ययाचा प्रत्यय

शिक्षकाच्या धंद्यांत जन्म घालविलेल्या माणसानें विद्यार्थ्यांच्या चुकांच्या गोष्टी सांगाव्या आणि चार घटका मित्रमंडळींची करमणूक करावी, असा शिरस्ताच पडून गेला आहे. इंग्रजीच्या शिक्षकाजवळ तर हा सांठा मोठाच असतो. आम्हीहि पुष्कळ वर्षें तो जवळ बाळगून होतों, आणि पानसुपारीच्या बैठकींत मोकळ्या हातानें उधळीत होतों. त्यांतली एक गोष्ट मात्र आम्ही अलीकडे सांगेनासे झालों आहों. वस्तुतः बैठकींत सर्वांत अधिक हंशा पिकविणारी तीच होती. आज ती वाचकांपुढें मांडीत आहों, ती केवळ आमच्या खात्यावर निघत असलेली एक जुनी बाकी म्हणून.

सन १९८८ चा सुमार. कोल्हापूर जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं आम्ही आठवीच्या वर्गास इंग्रजी शिकवीत होतों. मराठी शाळांत त्या काळीं इंग्रजीचा आरंभ पांचवीपासून होई. पहिलीपासून इंग्रजी येण्यास पुढें सन २००० उजाडावें लागलें. म्हणजे त्या मुलांच्या पदरीं उण्यापुऱ्या तीन वर्षांचें इंग्रजी होतें. 'माझी आई' या विषयावर दहा वाक्यें घरून लिहून आणावीं, असें आम्हीं सांगितलें होतें. बहुतेकांनीं तीं गाईडांतून उतरून आणलीं होतीं. त्यामुळें चाळीस आया एकाच वेळीं पहांटे उठत होत्या आणि चाळिसांच्या चाळीस प्रेमळ व कष्टाळू होत्या. एका मुलीनें मात्र वाक्यें स्वतःचीं लिहिलीं होतीं. तिची आई मुलांच्या एका वसतिगृहांत स्वयंपाकीण होती. मुलगी उभी राहून वाचूं लागली. पहिलीं दोन वाक्यें नांवागांवाचीं होतीं. तिसऱ्या वाक्यास ती म्हणाली, 'माय मदर इज अ कुकर.'

मागच्या बांकावरून कोणीतरी तोंडानें शिटी वाजविली. मग दुसरी, मग तिसरी. वर्गांत हंशाचा कल्लोळ उडाला. आम्ही शिट्या वाजविणारास दटाविलें खरें, परंतु दटावतांना आमचेंहि तोंड हंसरें होतें; आणि मुलें शिक्षकाच्या शब्दांपेक्षां त्याचें तोंड अधिक बारकाईनें वाचतात. नंतर आम्हीं फळ्यावर 'कुक' हा शब्द लिहिला, 'कुक म्हणजे माणूस, कुकर म्हणजे भांडें' असें समजावून दिलें, आणि पुढच्या मुलास उभें केलें. मुलगी खालीं बसली. प्रसंग येवढाच. आमच्या हिशेबीं तो तेथेंच संपला होता.

आतां या 'कुकर'चा थोडा विचार करूं. हा शब्द माणसासाठीं वापरलेला त्या मुलीनें कोठेंहि वाचला नव्हता, कारण तो तसा कोठें छापलेलाच नसतो. तो तिनें स्वतः घडविला होता. टीच करतो तो टीचर, सिंग करतो तो सिंगर, प्ले करतो तो प्लेअर, एवढें क्रमिक पुस्तकांत होतेंच. शिवाय त्या भागांतल्या घरोघरींच्या बोलण्यांत वेल्डर, फिटर, टर्नर, पेंटर, ड्रायव्हर हे शब्द भाकरीइतके नित्याचे होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरांत कामाला जाणाऱ्या बापांच्या आणि चुलत्यांच्या नांवापुढें 'अर' लागलेलाच असे. या साऱ्या शब्दांच्या शेंपटाशीं एकच एक आवाज आहे आणि त्याचा अर्थ 'तें काम करणारा' असा आहे, हें तिला कोणीं शिकविलें नव्हतें. आम्हींहि शिकविलें नव्हतें. आम्ही शब्द आणि अर्थ यांच्या जोड्या पाठ करून घेत होतों. तिनें तो आवाज वेगळा काढला, त्याचें काम ओळखलें, आणि आईच्या कामाला तो लावून दिला. मराठींत विणकर, शेतकरी, वारकरी हे शब्द ज्या रीतीनें घडतात, किंवा मास्तरच्या बायकोस आपण मास्तरीण आणि डॉक्टरच्या धंद्यास डॉक्टरकी म्हणून परक्या शब्दास घरचें शेंपूट बेधडक जोडतों, तीच ही रीति.

बरें, रीति चुकली होती काय? तीहि नाहीं. भट्टीवर पाव भाजणारास इंग्रज बेकर म्हणतो. मग चुलीवर अन्न शिजविणारास त्यानें कुकर कां म्हणूं नये, याला रूढीवांचून दुसरें उत्तर नाहीं. इंग्रजींत क्रियापद आणि कर्त्याचें नांव या दोहोंस 'कुक' हा एकच शब्द आहे, आणि 'अर' हा प्रत्यय जसा कर्त्यास लागतो तसाच साधनासहि लागत असल्यामुळें, मोकळा राहिलेला 'कुकर' हा शब्द भांड्यानें पटकावला आहे. उलट टेलर आणि डॉक्टर यांचीं शेंपटें अगदीं तशींच दिसतात. पण डॉक्टरांतून शेंपूट काढून 'डॉक्ट' करणें असें कांहीं उरत नाहीं, आणि टेलर हा शब्द फ्रेंच भाषेंतून सबंधचा सबंध आलेला आहे. म्हणजे दिसतो तेथें प्रत्यय नाहीं आणि हवा तेथें तो दिसत नाहीं, असा हा मामला आहे.

'दिसत नाहीं' असें म्हटल्याबरोबर संस्कृत शिकलेल्या वाचकास पाणिनि आठवेल. जो प्रत्यय आला पण दिसत नाहीं, त्याचा लोप झाला असें म्हणून पाणिनीनें त्या न दिसण्यासहि व्याकरणांत मानाचें स्थान दिलें आहे. क्विप् नांवाचा जो कर्तृवाचक प्रत्यय आहे, त्याचीं तर सगळींच अक्षरें जातात. वेदविद्, सेनानी या शब्दांत 'जाणणारा' आणि 'नेणारा' हे अर्थ ज्या प्रत्ययामुळें आले, त्याचा मागमूसहि शब्दांत उरत नाहीं. इंग्रजीचा 'कुक' हा अशा क्विबन्त शब्दासारखा दिसतो. हें आम्हांस त्या दिवशीं सुचलें असतें, तर 'बाळ, तुझा प्रत्यय बरोबर आहे, फक्त या शब्दांत तो लपून बसतो' एवढें आम्ही सहज म्हणूं शकलों असतों. शाळेंत असतांना आमचें संस्कृत कांहीं वाईट नव्हतें. परंतु विद्या असणें निराळें आणि ती वेळेवर आठवणें निराळें.

पुढें कांहीं वर्षांनीं शिक्षकांच्या एका वर्गांत जीन बर्को या अमेरिकन विदुषीच्या प्रयोगाची माहिती आमच्या कानीं पडली. हा प्रयोग सन १९५८ मध्यें प्रसिद्ध झाला. बॉस्टनच्या परिसरांतील चार ते सात वर्षांच्या मुलांना तिनें पक्ष्यासारख्या एका कल्पित प्राण्याचें चित्र दाखविलें आणि त्याचें नांव 'वग्' असें सांगितलें. मग तसेच दोन प्राणी दाखवून, आतां हे दोन काय, असें विचारलें. जगांत वग् नांवाचा प्राणी नाहीं. तेव्हां त्याचें अनेकवचन कोणाकडून ऐकून पाठ केलेलें असणें शक्य नाहीं. तरी बहुतेक मुलांनीं 'वग्ज' असें बरोबर उत्तर दिलें. यावरून मुलें शब्द नुसते सांठवीत नाहींत, त्यांतून नियम काढतात, हें उघड झालें. गंमत अशी कीं, जीं मुलें ग्लासचें 'ग्लासेस' बिनचूक सांगत, तींच 'टास' या बनावट शब्दापुढें अडखळत आणि पुष्कळदां तो जसाच्या तसा ठेवीत. म्हणजे ग्लासेस हा शब्द त्यांच्या तोंडांत होता, पण त्याचा नियम अजून हातीं आलेला नव्हता. बरोबर उत्तर देणाऱ्यास नियम कळलेलाच असतो असें नाहीं, हा त्यांतला धडा आमच्यासारख्या तपासनीसांनीं भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

पण आमच्या जिव्हारीं लागला तो याच प्रयोगांतला दुसरा एक प्रश्न. 'झिब्' करणें हाच ज्याचा धंदा आहे त्या माणसास काय म्हणावें, असें बर्कोनें विचारलें होतें. पडताळ्यासाठीं ज्या मोठ्या माणसांना तिनें विचारलें, त्यांनीं 'झिबर' असें उत्तर दिलें. मुलांपैकीं मात्र फार थोड्यांस तें साधलें. कोणी गप्प राहिलीं, तर कोणी 'झिबमॅन' यासारखे सामासिक शब्द जुळविले. इंग्रजी ही ज्यांची मायबोली, त्यांनाहि हा 'अर' प्रत्यय उशिरा वश होतो. आणि आमच्या तालुक्याच्या गांवीं, तीन वर्षांच्या परक्या इंग्रजीच्या बळावर, एका तेरा वर्षांच्या मुलीनें तो आपण होऊन वश केला होता. बर्कोच्या चित्रांवांचून आमच्या वर्गांत तो प्रयोग झाला होता आणि यशस्वी झाला होता. त्याच्या निकालाची नोंद आम्हीं हंशानें केली.

तेव्हांपासून चुकांकडे पाहण्याची आमची दृष्टि पालटली. क्रियापदाच्या शेंपटाचा जो 'स', त्याचेंच पाहा. 'ही गोज टु स्कूल' असें म्हणावयाच्या ठिकाणीं आमचे विद्यार्थी 'ही गो' म्हणत, आणि आम्ही लाल शाईनें वह्या रंगवीत असूं. या मुलांस प्रत्ययांची संवय नाहीं असें म्हणावें, तर तीं रोज जातो, जाते, जातें, जातात, जातोस, जातेस या दाट जंगलांतून अनवाणी धांवत असत आणि कधीं ठेंच लागत नसे. मराठींत 'जातेस' एवढा एक शब्द उच्चारला कीं समोर कोणीतरी आहे, ती एकटी आहे आणि ती स्त्री आहे, इतकें सारें कळतें. 'तूं' म्हटलें नाहीं तरी चालतें. आमच्याकडे प्रत्यय ओझें वाहतो. इंग्रजींत सारें ओझें 'ही' आणि 'शी' यांच्या डोक्यावर आधींच चढलेलें असतें, आणि बिचारा 'स' रिकाम्या हातांनीं मागून चालतो. शीप या शब्दासारख्या एखाद्याच ठिकाणीं, जेथें एक मेंढी आणि अनेक मेंढ्या यांचें रूप एकच, तेथें मेंढी एक आहे हें त्या सकारावरून कळतें; एरवीं तो गळला तरी अर्थास कोठें खोंच पडत नाहीं. ज्याच्या भाषेंत प्रत्यय कामकरी आहेत, त्याचें लक्ष अशा निरुद्योगी प्रत्ययाकडे जाऊं नये, हें स्वाभाविकच आहे.

मायबोली इंग्रजी असणाऱ्यांची तरी काय स्थिति आहे? रॉजर ब्राऊन यानें तीन अमेरिकन मुलांच्या बोलण्याचा कित्येक महिने मागोवा घेऊन सन १९७३ मध्यें जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत 'इंग' हा प्रत्यय अगदीं आधीं येतो आणि हा क्रियापदाचा 'स' बऱ्याच मागाहून येतो, असें आढळलें आहे. इंग्लंडच्या पूर्वेस नॉरफोक आणि सफोक प्रांतांतील जुन्या बोलींत तर 'ही गो' असेंच म्हणण्याची चाल आहे. आणि सन १६११ च्या इंग्रजी बायबलांत या सकाराच्या जागीं 'एथ' हा प्रत्यय आहे. 'स' हा उत्तरेकडून हळूहळू खालीं उतरला आणि शिष्ट होऊन बसला. जो प्रत्यय खुद्द इंग्रजांच्या घरीं असा येत जात राहिला, त्याच्यासाठीं आम्हीं किती मुलांचे अर्धे अर्धे गुण कापले, याचा हिशेब आतां कोण देणार?

इंग्रज लोकांनींहि आमच्या विद्यार्थ्यांसारख्याच चुका केल्या आहेत; भेद इतकाच कीं, त्यांच्या चुका कोणीं तपासल्या नाहींत. मटारास त्यांच्याकडे पूर्वीं 'पीज' असा शब्द होता आणि तो एकवचनी होता. पुढें लोकांस त्याच्या शेवटचा सकार अनेकवचनाचा वाटला. त्यांनीं तो छाटला आणि 'पी' असा नवाच दाणा निर्माण केला. 'चेरी'ची कथा अशीच आहे. आमच्याकडे एस्. टी.चा कंडक्टर 'एक लेडीज बसली आहे' असें म्हणतो, तेव्हां तो याच्या उलट करतो: इंग्रजीच्या अनेकवचनाचा सकार तो शब्दाचाच अवयव समजतो. सॉक्सचेंहि तेंच झालें आहे. आमच्या घरीं रोज सकाळीं एक सॉक्स सांपडत नाहीं. आणि 'चिल्ड्रन' या शब्दाकडे पाहिलें तर हंसावें कोणास, हाच प्रश्न पडतो. 'चिल्डर' हें जुनें अनेकवचन होतेंच. तें पुरेसें वाटेना म्हणून त्यावर 'एन' हा अनेकवचनाचाच दुसरा प्रत्यय चढविला गेला. आमचा विद्यार्थी 'चिल्ड्रन्स' म्हणून त्यावर तिसरा चढवितो. दुसरा चढविणारे शिष्ट ठरले आणि तिसरा चढविणारा नापास झाला.

आणखी एक अडचण डोळ्यांची आहे. इंग्रजाचें मूल आपली भाषा कानानें शिकतें, आमचें मूल ती पुस्तकांतून डोळ्यांनीं शिकतें. भूतकाळाचा 'ईडी' हा प्रत्यय लिहितांना सर्वत्र एकच दिसतो. पण बोलतांना त्याचे तीन अवतार होतात: वॉकच्या पुढें तो 'ट' होतो, प्लेच्या पुढें 'ड' होतो, आणि वाँटच्या पुढें 'इड' होतो. आपण तीन आवाज काढतों आहों याचा इंग्रज मुलास पत्ताहि नसतो. आमचीं मुलें जें दिसतें तेंच म्हणावें या सरळ मनानें 'वॉक्ड' म्हणतात. देवनागरींत वाढलेल्या मुलाचा अक्षरावर विश्वास असतो, आणि त्याबद्दल त्यास दोष देणें कठीण आहे.

असो. हें सारें शहाणपण येईपर्यंत ती मुलगी शाळा सोडून गेली होती. पुढच्या वर्गांतून आम्ही एक नेम केला: चूक दुरुस्त करण्यापूर्वीं 'हें तुला कसें सुचलें?' असें विचारावयाचें. त्यानें आमचा अभ्यासक्रम वेळेवर संपेनासा झाला, आणि मुख्याध्यापकांनीं दोनदां विचारणाहि केली. परंतु 'ही डिड नॉट वेंट' म्हणणाऱ्या एका मुलानें जेव्हां सांगितलें कीं, 'तो गेला नाहीं' यांत गेलेपण 'गेला'मध्येंच राहतें, 'नाहीं'मध्यें जात नाहीं, म्हणून मी तें 'वेंट'मध्यें ठेवलें, तेव्हां तास फुकट गेला असें आम्हांस वाटलें नाहीं.

आम्ही सेवानिवृत्त झाल्यावर दोनएक वर्षांनीं, नोव्हेंबरांत हयातीचा दाखला देण्यासाठीं एका बँकेंत गेलों होतों. आपण जिवंत आहों हें दरसाल लिहून द्यावें लागतें, त्याचा तो महिना. खिडकीमागच्या बाईंनीं कागदावरील नांव वाचून वर पाहिलें आणि म्हणाल्या, 'सर, ओळखलंत का?' आम्हीं ओळखलें नाहीं. तिनें सन आणि वर्ग सांगितल्यावर ओळखलें. गर्दी थोडी ओसरल्यावर ती बाहेर येऊन आमच्याजवळ बांकावर बसली. आई चार वर्षांमागें वारली, असें तिनें सांगितलें.

आम्हीं तो विषय काढला. तिला आठवण असेल असें वाटलें नव्हतें. ती हंसली आणि म्हणाली, 'आठवतं तर काय सर! तेव्हां वाईट वाटलं होतं. घरीं आईला सांगितलं नाहीं. पण फायदाच झाला म्हणायचा. त्यानंतर मी स्वतःचं वाक्य कधीं लिहिलंच नाहीं. गाईड पाठ करायला लागले. मार्क वाढले माझे.'

मार्क वाढले होते हें खरें. नववींत तिच्या प्रगतिपुस्तकावर 'इंग्रजींत चांगली सुधारणा' असा शेरा आम्हींच दिला होता, आणि ती सुधारणा आम्हीं आमच्या शिकविण्याच्या खात्यावर जमा केली होती.

'आतां इंग्रजीचें कसें चाललें आहे?' आम्हीं विचारलें.

'कामापुरतं येतं कीं सर. फॉर्म, पत्रं, ठरलेलं असतं तें सगळं जमतं. पण वरचे साहेब समोर उभे राहून कांहीं विचारायला लागले, कीं आधीं मनांत शोधते, हें वाक्य कुठं वाचलंय का म्हणून. वाचलेलं नसलं तर गप्प बसते.'

हें ती तक्रारीच्या सुरांत बोलत नव्हती. पाऊस यंदा कमी झाला हें सांगावें तशी सांगत होती. तिच्याहून अधिक चुका करणारे, पण कोणीं न हंसलेले, असे किती तरी जण त्याच बँकेंत धडाधड इंग्रजी बोलत असतील, असें आमच्या मनांत आलें. आम्हीं तिला क्विप् प्रत्ययाची गोष्ट सांगितली, अमेरिकेंतल्या 'झिबर'ची सांगितली. तुझा शब्द नियमास धरून होता आणि आम्ही हंसलों हें चुकलें, असेंहि सांगितलें. ती ऐकत होती. 'बरं झालं सांगितलंत सर,' ती म्हणाली, आणि क्षणभर थांबून, 'आईला मौज वाटली असती,' असें म्हणाली.

मग आम्हांस एकदम आठवलें कीं, तिनें वाक्यें दहा लिहून आणलीं होतीं आणि आम्हीं ऐकलीं होतीं तीन. उरलेलीं सात वाक्यें तिनें वाचलीं नाहींत, आणि आम्हींहि मागितलीं नाहींत. तिसऱ्या वाक्यास हंशा झाला, आम्हीं दुरुस्ती केली, आणि पुढच्या मुलास उभें केलें. गाईडाबाहेरची अशी ती वर्गांतली एकच आई होती.

'त्या निबंधांत पुढें काय लिहिलें होतेंस?' आम्हीं विचारलें.

तिनें खरोखरच आठवण्याचा प्रयत्न केला. कपाळास आठ्या घालून ती थोडा वेळ खिडकीकडे पाहत राहिली. 'नाहीं आठवत, सर,' ती म्हणाली. तितक्यांत आंतून तिला हांक आली, आणि आमचा दाखला घेऊन ती उठून गेली.